दंडाची बरणी

दर मंगळवारी भर दुपारी
लुथेरन चर्चच्या तळघरात आमचा क्लब जेवतो.
एकवीस माणसं, चौदा सत्तरीपार.
बटाट्याचं सूप, पाव,
आणि टेबलाच्या टोकाला लोणच्याची जुनी बरणी.

उशीर झाला, एक डॉलर.
फोन वाजला, एक डॉलर.
कुणी न विचारता नातवाचा फोटो दाखवला, दोन.
ऑर्विल टोर्गरसननं हातभर मासा पकडल्याचं सांगितलं
आणि त्याच्याच बायकोनं तो वीतभर केला,
त्या दिवशी पाच.

मी खजिनदार.
मिनेसोटाच्या या कोपऱ्यात
सगळ्यांची गुपितं मला चिल्लरीत कळतात.

बरणीचे नऊशे, पॅनकेकच्या न्याहारीचे चार हजार,
कांद्याची पोती विकून आलेले थोडे.
एवढ्यात एकच शिष्यवृत्ती बसते,
तीही श्वास आत ओढून.

चार वर्षांपूर्वी त्या पैशांवर तियामिके आली,
मलावीतल्या सरोवराकाठून,
पाणी तपासायचं शास्त्र शिकायला.
इथलं पाणी तेव्हा दगड झालं होतं.
ती गोठलेल्या तळ्यावर उभी राहून
बुटाच्या टाचेनं ठोकत राहिली,
दार उघडा म्हणावं तशी.

व्हर्नानं तिला आपल्या बहिणीचा कोट दिला.
बहीण गेल्याला दोन हिवाळे झाले होते.
खिशात एक चिठ्ठी निघाली:
अंडी, पांढरा दोरा, मांजराचं औषध.
तियामिकेनं ती परत खिशातच ठेवली.

मग तिला आम्ही बोलायला लावलं.
दर सहामाहीला, सूप निवायच्या आत.
पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकमागे फोटोत
तिचं फक्त कपाळ दिसायचं.
ती आभार मानायची, आम्ही टाळ्या वाजवायचो,
आणि आभारातला भार
कुणाच्या खांद्यावर जातो
हे माझ्या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, ती उशिरा आली.
बरणीत डॉलर टाकला. उभी राहिली.
म्हणाली,
माझ्या नावाचा अर्थच, आपण आभार मानू या.
घरी याच नावानं मला भांडी घासायला हाक मारतात,
याच नावानं ओरडतात.
इथे मात्र दर जेवणाला
मला माझ्या नावाचा अर्थ सांगावा लागतो.
आज नाही सांगणार. दंड करा.

चमचे थांबले.
वर कुणीतरी ऑर्गन सुधारत होतं,
एकच सूर, पुन्हा पुन्हा.
मी नियमांची पानं उलटली.
त्यात मासा होता, फोन होता, टोपी होती,
हे नव्हतं.

ऑर्विल खाकरला.
दंड फक्त सभासदांना होतो, पोरी.

मग मला सभासद करा, ती म्हणाली.

आता हे नियमात होतं.
वर्षाची वर्गणी चाळीस. तिनं दहा-दहाच्या नोटा मोजल्या,
कॉलेजच्या ग्रंथालयात रात्रपाळी करून मिळवलेल्या,
माझ्यापेक्षा चोख.
मी वही उघडली.
तीन वर्षं तिचं नाव खर्चाच्या पानावर होतं,
माझ्याच अक्षरात.
समोरच्या पानावर, जमेकडे, ते पुन्हा लिहिलं.
स्पेलिंग चुकलं. तिनं दाखवलं.
मी मुकाट्यानं बरणीत डॉलर टाकला.

यंदाच्या न्याहारीला ती तव्यावर होती.
पहिला घाणा करपला.
ऑर्विल ओरडला, दंड!
ती झारा रोखून म्हणाली, पीठ तुझं होतं.

वाद अजून चालू आहे.
मी दोघांकडूनही घेऊन ठेवलेत.