पाकिटाचा पिवळा

त्रिशलाबाई मगदूम
शंभर फुटी रस्त्यावरचा माझा जिना चढून आल्या,
पिशवीतून स्टीलची डबी काढली
आणि माझ्या की-बोर्डशेजारी ठेवली.
"हा रंग पायजे. असाच्या असा."

डबीत त्यांच्याच गिरणीतली राजापुरी.
झाकण निघालं तसा एसीच्या गार हवेत
मातीचा आणि आल्याचा वास पसरला,
थोडी हळद स्पेसबारवर सांडली.

मी स्क्रीनवर पिवळा काढला.
"हा लिंबाचा."
दुसरा काढला. "हा शाळेच्या बसचा."
तिसऱ्याकडे त्या बराच वेळ बघत बसल्या,
मग म्हणाल्या, "हा काविळीचा की हो."

मला कोर्समधलं आठवत होतं:
लाल बघून भूक चाळवते,
निळ्याच्या हातात माणूस पैसे ठेवतो,
हिरव्या पाकिटात काहीही भरा,
गिऱ्हाईक ते रानातून आलं समजतं.
पिवळा सगळ्यांच्या आधी दिसतो.
हे मी पेपरात लिहिलंय, त्याला मार्क मिळालेत.
दिसल्यानंतर पुढं काय होतं,
ते कुणी विचारलं नव्हतं.

तर मी त्यांना तोच पटवला, आधी दिसणारा.
पाच हजार पाकिटं. वर लाल पट्टी.
फडताळात ठेवली की शेजारची पाकिटं आजारी वाटायची.
मी फोटो काढून स्टेटसला लावला.

दोन महिन्यांनी त्या परत जिना चढल्या.
"बायका म्हंत्यात, पाकीट फोडलं की हळद फिकी निघते."
हळद तीच होती.
विट्याचा एक दुकानदार त्यांना म्हणाला होता,
चिमूटभर रंग मारा, कुणाला कळतंय.
हे सांगून त्या गप्प झाल्या.
पदराला चष्मा पुसला. घातला. पुन्हा काढून पुसला.
"मी हळद बदलू, का तुमी पाकीट बदलताय?"

मिरजेचे बाबालाल मुजावर पेंटर.
चौदाव्या वर्षी मी त्यांचे डबे उचलायचो.
माधवनगरच्या वाटेला एका गोडाऊनच्या भिंतीवर
आम्ही खताची जाहिरात रंगवत होतो,
आणि मी मोठ्या हौसेनं डबा ढवळून
पोपटासारखा हिरवा तयार केला होता.
चाचांनी त्यात चमचाभर काळा ओतला.
मला रडूच आलं.
"अरे, वाचणारा शेतकरी आहे," ते म्हणाले.
"ऊस रोज बघतो तो.
त्याला ऊस दाखवायला जाऊ नको."
आणि शिडीवरून उतरून, रस्ता ओलांडून,
एक डोळा मिटून उभे राहिले.
"रंग दुपारी बघायचा नाही.
पाच वाजता बघायचा. लोक घरी जातात तेव्हा."

चमचा आता माझ्याकडे नाही, आकडे आहेत.
काळा तीन टक्के. मग पाच.
लाल पट्टी काढली.
स्क्रीनवरचा पिवळा हळूहळू आवाज खाली आणत गेला,
जसं बाहेरच्या खोलीत कुणी झोपलंय म्हणून
आतली माणसं बोलतात.
छापखान्यातून फोन आला,
"साहेब, प्लेट चुकली काय? रंग मळकट येतोय."
"येऊ दे."

खपाचं विचारू नका.
विश्रामबागच्या त्या नव्या मॉलमध्ये
मी स्वतः त्या पाकिटासमोरून दोनदा गेलो,
मलाच दिसलं नाही.
तिसऱ्यांदा दिसलं ते
एका बाईनं हातात घेऊन उलटं केलं होतं
म्हणून. तिनं वजन वाचलं, किंमत वाचली,
ठेवलं.
दोन पावलं जाऊन परत आली की नाही
ते मी बघितलं नाही. निघालो.

स्पेसबार पुसला, स्पिरिटनंही पुसला,
तरी एक डाग आहे.
ट्यूबच्या उजेडात तो नुसता डाग असतो,
चहाचाही म्हणता येईल.
पाचला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन
टेबलाच्या कडेपर्यंत येतं.
तेव्हा मी काम थांबवतो,
खुर्ची मागं सारतो
आणि एक डोळा मिटतो.