चार आटे

धायरी फाट्याच्या आत, मार्बलवाल्यांच्या ओळीमागं
माझं गॅरेज. बोर्डावर नाव नाही,
नुसतं ‘पंक्चर, वेल्डिंग, इतर’.
ही गाडी ‘इतर’मध्ये आली,
टेम्पोवर बांधून,
पानशेतकडची माती अजून टायरच्या खाचांत.

दार नाही, काच नाही.
पाइपांचा पिंजरा, आत शेजारी-शेजारी दोन सीटा.
कुठल्याशा बंद पडलेल्या साहसी पार्कच्या लिलावात
खळदकरांनी घेतलेली,
रिटायर झाल्यावर, कुणाला न विचारता.

मुलगी म्हणाली, “स्टिअरिंग तेवढं काढून द्या.”
बदलायचंय?
“नाही. काढायचंय.”
मग बिलबुकाकडं बघत,
“गाडी विकायची नाहीये.”

मी काही विचारलं नाही.
डावीकडचा फायबर फुटला होता,
पुढचा पाइप आत दबलेला, त्यात बाभळीची साल.
गाडी सांगते तेवढं पुरतं मेकॅनिकला.

खळदकर गाडीतच बसून राहिले, शेजारच्या सीटवर,
उजवा हात मांडीखाली दाबून.
तरी बाहीचं बटण हलत होतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. चाकं सरळ केली.
मधलं झाकण उचकटलं,
आत नट, गंजानं शाफ्टशी एकजीव.
तेल सोडलं. चहा सांगितला.
तेल भिनायला चहाएवढाच वेळ लागतो.

मग लांब पान्ह्यावर अंग टाकलं.
कर्र करून हलला,
मी भराभर फिरवायला लागलो, तर शेजारून आवाज:
“अहो, पूर्ण काढू नका.
चार आटे राहू द्या.
नाहीतर सुटेल एकदम, आणि तोंडावर येईल.”

बत्तीस वर्षं लेथवर, पिंपरीला.
लोखंडावर आटे पाडण्यात गेलेली.

मला माहीत होतं हे.
नाना पेठेत उस्तादानं पहिल्याच आठवड्यात
आपला पडका दात दाखवून शिकवलं होतं.
तरी म्हणालो, बरं झालं सांगितलंत.
नट उलटा घेतला. एक, दोन,
त्यांचे ओठ मोजत होते.

“आणि खूण करा. शाफ्टवर आणि तुंब्यावर, एका रेषेत.”
“खूण कशाला, बाबा? परत कुठं…”
पुढचं तिनं गिळलं.
“बसवताना एक दात इकडंतिकडं झाला,”
ते मला म्हणाले, तिला नाही,
“की जन्मभर सरळ रस्त्यावर तिरकं धरावं लागतं.”

पांढरा रंग आणला. ब्रश त्यांनी मागितला.
तीनदा रेघ भलतीकडं गेली.
चौथ्यांदा मुलीनं मनगट धरलं, न बोलता.
रेघ आली.
सरळ नाही,
पण दोन्हीकडं तीच.

पुलर लावला. बोल्ट आवळत गेलो.
काही होईना. अजून अर्धा फेरा. काही होईना.
मग हातोड्याची एकच टिचकी,
आणि टण्णकन
स्टिअरिंग उसळलं
आणि नटाशी येऊन थांबलं,
चार आट्यांवर.

शेवटचे आटे मी बोटांनी सोडवले, पान्हा न लावता.

स्टिअरिंग मुलीकडं दिलं.
तिनं आधी ताटासारखं धरलं, मग काखेत.
नट खळदकरांनी रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला.

आता गाडी टेम्पोत चढवायची,
तर चाकं वळवायची कशानं?
उघड्या शाफ्टवर मी वाइसग्रिप चावून बसवली.
मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर चढली, पहिल्यांदाच बहुतेक.
मी आणि टेम्पोवाला मागून रेटत होतो,
आणि पुढून ऐकू येत होतं,
“डावीकडं. अजून. अगं, एवढं नाही.
हां. आता सोड, ती आपोआप येते सरळ.”

बिलात लिहिलं, स्टिअरिंग काढणे, तीनशे.
वाइसग्रिप त्यांच्याबरोबर गेली.
परत आली नाही.
मीही फोन केला नाही.