हशरची वही

वही शाळेची, चौकटींची.
पहिल्या बारा पानांवर अफझूनच्या बेरजा,
तेराव्यापासून माझा हिशेब:
कोण आलं, किती दिवस,
पहार स्वतःची की मागून आणलेली.
गावानं मिळून उपसलेल्या कामाला
आम्ही हशर म्हणतो.

खाली बारतांग नदी धो धो वाहते,
आमच्या वाट्याला तिचा फक्त आवाज.
वरच्या हिमनदीवरून पाट आणायचा म्हटल्यावर
जिल्ह्याचा इंजिनियर पुलावरूनच परतला.
म्हणाला, पाणी चढावर जात नाही.
ते आम्हालाही ठाऊक होतं.
म्हाताऱ्या खुदोयोरनं ताटलीत पाणी घेतलं
आणि ताटली टेकवत टेकवत सबंध कडा मोजला.
पाणी कललं, तिकडे चुन्याची रेघ.

घरटी एक माणूस, रोज.
पैसे चालणार नाहीत, हा नियम माझ्याच तोंडचा.
दिवस काही पोस्टानं पाठवता येत नाही,
असंही वर म्हणून गेले.

अठरा घरांतल्या अकरा घरांचे बाप्ये मॉस्कोत,
परक्यांच्या दारातला बर्फ ओढतात.
तेव्हा आल्या बायका, आल्या पोरी,
आला लंगडा शोदमोन, गाढवासकट;
गाढवाचे दिवस लिहायचे की नाही
यावर अख्खी संध्याकाळ भांडण.
(अर्धे लिहिले.)

मग माझ्या सफारबेकचे पैसे आले.
निरोप: आई, माझं नाव लिही.

दिव्यात तेल बोटभर. वही उघडी.
त्याच्या पैशांची झाली सिमेंटची तीन पोती.
ती मी शेवटच्या पानावर टाकली,
'बाहेरची मदत' या मथळ्याखाली.
नावापुढची चौकट कोरी.

सकाळी मीच गेले वर.
गुडघे माझे, दिवस त्याचे.
एकवीस.
गुलचमोलनं माझ्या हातातला मोठा दगड काढून
लहान दिला.
मी लहान टाकला, मोठा परत घेतला.
बोललो नाही दोघीही.

पाणी आलं ते गढूळ,
काटक्या, फेस आणि एक मेलेला उंदीर घेऊन.
खुदोयोरनं ताटली त्यातच विसळली,
घरी नेली, जेवायला.

तिसऱ्या रात्री पाट फुटला.
जर्दाळूची रोपं वाहायला लागली.
हाक कुणी मारली, आठवत नाही;
कंदील घेऊन सगळे वर, अनवाणी सुद्धा.
उजाडेपर्यंत माती, गोणपाट, पाठी लावून पाणी अडवलं.

वही घरीच राहिली होती.
ती रात्र कुणाच्याच नावावर नाही.