अर्धं तिकीट

कुडाळच्या तिसऱ्या मजल्यावरून मी त्याला आणला,
कापडी पिशवीतून, मान तेवढी बाहेर.
जत्रेत घेतलेलं, गुलाबी रंगवलेलं पिल्लू होतं म्हणे.
रंग उडाला, तुरा फुटला,
आणि पहाटे चारला सोसायटीची मीटिंग भरायला लागली.
ओजस जिन्यात उभा होता, सात वर्षांचा.
रडला नाही. एवढंच बोलला,
"त्याला बिस्किट पाण्यात बुडवून लागतं."

निवतीच्या गाडीत कंडक्टरनं पिशवीत डोकावून पाहिलं.
"जितो आसा? मगे अर्धा तिकीट."
मी काढलं. खिडकीची जागाही त्यालाच दिली.

पहिले आठ दिवस झापाखाली,
वर चिऱ्याचा तुकडा, मुंगूस येतं म्हणून.
बाहेर आमच्या सात जणी.
बघून घ्या म्हटलं एकमेकांना, चोच पोचणार नाही एवढ्यावरून.
मामलेदारीण, मानेची पिसं झडलेली, सगळ्यांत थोराड,
झापाभोवती एक फेरी घालून गेली,
जमीन मोजतात तशी.

त्याला माती ठाऊक नव्हती.
पाय उचलायचा आणि ठेवायचं विसरायचा.
झावळ पडली की अंग चोरायचा.
बांगड्याची आतडी टाकली, तर मागं सरला.

मी हसलो नाही.
मी चंदगडचा. तेरा वर्षांपूर्वी
तिलारीचा घाट उतरून एक ट्रंक घेऊन इथं आलो.
सासू, बायको, दोन मेहुण्या.
पहिल्याच जेवणात पेडव्याचा काटा घशात,
आणि चार बायका शांतपणे बघताहेत.
कोरड्या भाताचा गोळा कुणी पुढं केला
ते अजून कुणी सांगत नाही.

नवव्या रात्री, बॅटरी तळव्याआड धरून,
खुराड्यातल्या दांडीवर त्याला दोघींच्या मधे बसवला.
सासूचं शास्त्र: कोंबड्यांना रात्रीचं दिसत नाही,
उजाडलं की वाटतं, हा इथलाच.

वाटलं नाही.
उजाडताच मामलेदारणीनं तुरा धरला.
थेंबभरच रक्त, पण लाल दिसलं की बाकीच्याही धावतात,
म्हणून वर काजळी फासली.
दाणे दोन जागी टाकायला लागलो.
गडग्याला जुना पत्रा टेकवला, आडोसा म्हणून,
आणि पळायला दोन वाटा ठेवल्या.
हे मात्र मला सासूनं सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी, फणसाच्या ओंडक्याखाली
वाळवी सापडली त्याला.
खाल्ली नाही. कुक्‌ कुक्‌ करत
उचलायचा, टाकायचा, उचलायचा, टाकायचा.
आधी बारकी तलंग आली.
मग बाकीच्या.
मामलेदारीण शेवटी, वाटेत काम निघाल्यासारखी.
तिनं खाल्लं, चोच ओंडक्याला पुसली,
आणि तिथंच बसली.

आरवला मात्र नव्हता, आल्यापासून एकदाही.

रविवारी फोन आला. "गुलाबीला द्या."
गुलाबी मांगराच्या सावलीत धूळ अंगावर घेत होता.
धरला फोन त्याच्यापुढं. चकार शब्द नाही.
"विसरला का तो?"
थांब हं, म्हणालो, मांगरामागं गेलो,
इकडंतिकडं पाहिलं
आणि आरवलो.
एवढा मोठा आवाज या घरात
मी कधी केला नव्हता.
कोंबड्यांच्या माना वर.
फोनमध्ये जरा वेळ काहीच नाही. मग,
"काका, हे तुम्ही आहात."

तेवढ्यात गडग्यावर पंख फडफडले.
आधी चिरका, मधेच मोडला,
पुन्हा घेतला,
आणि मग थेट माडांच्या वरून, खाडीपर्यंत.
ओजस काही बोलला नाही. फोन चालूच होता.

आतून सासू, "कोंबो आरावलो काय गो?"
बायको कोकमं पसरत होती, वर न बघता म्हणाली,
"दोन आरावले, आये."
"आमचेच मां?"