मिरकरवाडा, सात वाजून दहा

बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर
माझी नळी रात्रभर हवा पीत असते.
जानेवारी. मतलई वारा उतारावरून येतो,
हायवेवरचे ट्रक, कुणाच्या गोठ्यातली धुरी,
ट्रॉलरांचं डिझेल
सगळं घेऊन जेटीवर टेकतो.

मीठ तर आधीपासूनच आहे.
कुलपात, चष्म्यावर, चहाच्या कपाच्या कानात,
लाट फुटली की उडून हवेत राहिलेलं
ओलं, दिसत नाही इतकं बारीक.

अंधारात धूर मिठाला भेटतो.
क्लोरीन सुटतो आणि सुटतही नाही,
नायट्रोजनचा हात धरून उभा राहतो,
उजाडेपर्यंत गरीब.
नायट्रिल क्लोराईड, मी सांगितलं होतं.
नजीर सोलकर म्हणाला, गोव्याच्या बोटीचं नाव वाटतं.

सात वाजून दहा.
ऊन आधी किल्ल्याच्या तटावर, मग आमच्यावर,
आणि तो हात सुटतो.

एकटा अणू.
एका इलेक्ट्रॉनची उणीव, बाकी सगळं जमलेलं.
समोर येईल त्याचा एक हायड्रोजन खुडतो:
टपरीच्या सिलिंडरमधून गळलेला प्रोपेन,
डिझेलमधलं जे काही असेल ते,
इथेनसुद्धा,
ज्याला एरवी दिवसाची हवा
दोन-दोन महिने हात लावत नाही.

मी क्लोरीन कधी पाहिलेला नाही.
इतका थोडा, इतक्या क्षणाचा,
माझ्या यंत्राला तो सापडत नाही.
मी डब्यातल्या हवेत
कोण कोण नाही, ते मोजते.

नजीरचंही तसंच.
टोपलीत वाकून सांगतो,
मांदेली गेली तर कावळा,
बांगडा गेला तर आमचा बोका,
नुसतं डोकं उरलं तर घार.
आणि तुझा चोर?
माझा निवडत नाही, म्हटलं. लागेल ते घेतो.
मग उपाशी असणार,
तो म्हणाला. निवडतो तो पोट भरलेला.

हायड्रोजन मिळाला की अणू शांत होतो,
आम्ल होऊन कुठल्याशा थेंबात उतरतो,
पुन्हा मिठाच्या घरी.
ज्याचं खुडलं त्याचं मात्र राहतं.
तो प्राणवायूला चिकटतो, दिवसभर भटकतो,
दुपारी पडद्यावर ओझोनची रेघ चढत जाते
आणि खाली मासळीचा लिलाव ऐन रंगात.

डबा क्रमांक एकोणीस. झडप बंद.
इथेन कमी.
पेन्सिलीनेच लिहिते.
इथे शाई फुटते, कागदाला दमट चढते,
बोट जिभेला लावून पान उलटलं
की खारट.