क्रियापदं

आमच्या घरी आधी माग उठायचे,
मग अण्णा, मग लाऊडस्पीकर.
वडगावात, विणकरांच्या गल्लीच्या तोंडाला घर;
शाईचा खर्च दोन खात्यांत:
भिंतींसाठी बादली, माझ्यासाठी दौत.

अण्णांचं चिन्ह कंदील.
निवडणूक हरली की पुठ्ठ्याचे कंदील परत यायचे,
माडीवर रचून ठेवलेले.
चिन्हाची मागची बाजू कोरी असते,
हे मला फार लवकर कळलं.

नवव्या वर्षापासून मी त्यांची भाषणं
स्वच्छ अक्षरात उतरून द्यायची.
टाळ्यांसाठी दोन बोटं जागा सोडायची.
एकदा त्या जागेत मांजर काढलं.
अनगोळच्या सभेत अण्णा तिथं पोचले, थांबले,
हसू आवरेना,
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.
ते माझं पहिलं यश. छापून आलं नाही.

सतराव्या वर्षी पुण्याला गोष्ट पाठवली.
तीन महिन्यांनी परत. हिरव्या शाईत शेरा:
‘निवेदक मुलगी आहे ना?
मग “मी येतो, मी बसलो” कसं?
लिंगाच्या चुका सुधाराव्यात.’
आई कांड्या भरत होती. तिला वाचून दाखवलं.
‘मी काय सांगू गे, मी पण येतोच की.
तुझी मावशी येतो म्हणूनच सासरी गेली,
तिला कोण परत पाठवलं काय?’

त्याच रात्री शहापुरात अण्णा गरजत होते,
‘आमची मराठी कुणाच्या तोलाची कमी नाही!’
वाक्य माझंच होतं.
टाळ्यांची जागाही मीच सोडलेली.

दुसरी गोष्ट मी कन्नडमध्ये लिहिली.
कुणाला डिवचायला नव्हे.
गोष्ट शेजारच्या नीलव्वाची,
आणि नीलव्वा ज्या भाषेत शिव्या द्यायची
त्या भाषेबाहेर काढली की मरायची.
धारवाडच्या साप्ताहिकानं छापली.
मानधनाची मनीऑर्डर, रुपये चाळीस,
नेमकी निकालाच्या दिवशी आली.
अण्णांचं डिपॉझिट गेलेलं,
अंगणात कार्यकर्ते, चहावर साय,
आणि पोस्टमन दारात उभा राहून मोठ्यानं:
‘सुलक्षणा परशराम मुतगेकर! धारवाडहून!
कथेचे पैसे!’

कुणीतरी खुर्ची सरकवली.
कुणीतरी म्हणालं, ‘अण्णा, हे पेपरात गेलं तर?’
अण्णांनी माझ्याकडं हात केला. मी अंक दिला.
ते आत गेले. दिवा दोनपर्यंत.

सकाळी उठलो तर अंक माझ्या पुठ्ठ्यावर,
लाल पेन्सिलीच्या खुणा,
मतदारयादीतली मेलेली नावं खोडायची तीच पेन्सिल.
वाटलं, संपलं.
पण तिसऱ्या परिच्छेदात एका अक्षराच्या पोटाखाली
दुसरं अक्षर लोंबायला पाहिजे होतं, मी विसरलो होतो;
ते त्यांनी काढलं होतं,
गोल, जपून, पाटीवर गिरवल्यासारखं.
अण्णा चौथीपर्यंत कन्नड शाळेत होते.
हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.
समासात मराठीत एकच ओळ:
‘नीलव्वा असं एकदम बोलत नाही. आधी थुंकते.’

खरंच होतं. ती थुंकायचीच.

त्यानंतर ते दोनदा उभे राहिले, दोनदा पडले.
मी भाषणं लिहून द्यायचं सोडलं.
भांडलोही, महिनाभर बोललो नाही,
बसस्टँडवरच्या एका पाटीवरून,
तिच्यावर डांबर कुणी फासलं यावरून.
ते मी लिहून ठेवलंय, अजून छापायचं धाडस नाही.

पुण्याचं पाकीट मात्र मी पुन्हा भरलं,
एकही क्रियापद न बदलता.
अण्णांनी तिकिटं जिभेवर ओली करून चिकटवली,
पाकीट उलटं केलं, आपला पत्ता वाचला,
बराच वेळ वाचला.
मग म्हणाले,
‘राज्याचं नाव घालू नको.
पिनकोड पुरतो.’