बोबात शानजदीफ कालुखी

मस्जिद बंदरला, गोणपाटाच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर
पेवेकर चाचा अरबी टाइप करतात.
पानाला दीडशे, शिक्क्याचे वेगळे.
माझं परमिट त्यांनी उलटीकडून वाचायला घेतलं,
म्हणजे त्यांच्या सुलटीकडून,
आणि चष्म्यावरून बघत विचारलं,
बोबात शानजदीफ कालुखी कोण?

मी म्हटलं, मीच असेन.
एजंटला एक लाख दहा हजार मीच दिलेत.

पोपट चांगदेव काळोखे.
राहणार भांडुप, टेंभीपाडा, गिरणीच्या मागे
(पिठाच्या गिरणीच्या. ती दुसरी गिरणी नव्हे).
लिफ्टच्या दुरुस्तीत अकरा वर्षं.
परमिटवर धंदा: सुतार.
एजंट म्हणाला होता, कोटा सुतारांचाच सुटलाय,
तू रंधा धरल्यासारखा उभा राहा, बाकी मी बघतो.
त्यावर मी काही बोललो नाही.
नावाचं मात्र लागलं.

चाचा म्हणाले, त्यांची काय चूक नाय रे.
त्यांच्या लिहिण्यात प नाय, च नाय,
ग चा ज होतो, व चा फ.
ट हाये, पण जड,
आपल्यासारखा टाळूला टिचकी मारीत नाय.
आणि ळ?
ळ तर इथे खाली बाजारातपण मिळत नाय,
त्यांच्याकडे कुठून यायचा.

मग मी स्टुलावर बसून हिशेब केला,
काय काय इथेच ठेवून जायचं त्याचा.
पाणी म्हटलं तर बाणी.
पगार म्हटला तर बजार.
चहा मागितला तर कुणीतरी शहा उठून येणार.
हे परमिटसुद्धा तिकडे पोचलं की बरमित.
पोट म्हटलं तर बोत,
आणि पोटासाठीच तर
जाऊ दे.
मुलीचं नाव परी. ती तिकडे बरी.
तेवढं एक बरं.

मेडिकल झालं होतं अंधेरीला,
बनियन काढून रांगेत, छातीला थंडगार प्लेट,
श्वास घ्या, धरा.
सोडा म्हणायला तो विसरला.
फिट आलो.
बोटांचे ठसे तीनदा घेतले,
ग्रीसने रेषा बुजलेल्या, मशीनला मी पटेना.
चौथ्यांदा पटलो.
एवढं सगळं जमवलं, आणि शेवटी
बारशाला आत्याने कानात सांगितलेल्यातली निम्मी अक्षरं
मस्जिद बंदरच्या जिन्यात गळाली.

रात्री कागद पसरून बसलो
तर परी येऊन त्यांच्यावरच पालथी पडली.
अडीच वर्षांची.
कुंदा म्हणाली, बाबांचं पूर्ण नाव सांग बघू.
ती एका दमात म्हणाली,
पोपत तांगदेव कालोखे.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.
म्हणजे मुलूख अगदीच परका नाही.
तिथे पोलिसापासून मालकापर्यंत सगळे
माझ्या लेकीसारखे बोबडे.
कुंदाला हे सांगितलं. ती हसली नाही,
परीच्या पोटाखालून एकेक कागद काढत राहिली,
दुमडलेलं कोपरं सरळ करत.

सहारला काचेपलीकडे
त्या दोघी बराच वेळ हात हलवत होत्या,
जरा चुकीच्या माणसाकडे.

दम्मामला पहाटे चार वाजता
कोवळ्या मिशीच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला,
शेजारी परमिट ठेवलं, म्हणाला, बोबात?
मी लगेच हो म्हटलं.
हसलोसुद्धा. त्याला वाटलं असेल, येडा आहे.
शिक्का बसला. दोन वर्षं. मधे सुट्टी नाही.

बॅगांच्या पट्ट्याशी उभा राहिलो
तेव्हा कुठे ध्यानात आलं,
परत जाईन तेव्हा तिला च येत असेल, ट येत असेल.
शाळा म्हणेल, स्वच्छ.
ळ कुणी शिकवला,
हे मला विचारून घ्यावं लागेल.